भिंतीवाचून दार

ज्या गावात घरांना दारं नाहीत, त्या गावातल्या पोरानं कुलपांचा धंदा काढला, तर आमच्याकडे त्याला डोकं फिरलंय म्हणतात. पुण्यात त्याला 'फाउंडर स्टोरी' म्हणतात आणि वर पैसे देतात.

मी अंगद. गाव शनिशिंगणापूर. देवळाच्या वाटेवर माझ्या आईचं, रंगुबाईचं, तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान. आमच्या घराला चौकट आहे, दार नाही. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी आडवी टेकवायची, झालं. चोरी करणाऱ्याचं काय करायचं ते देव बघतो, असा गावाचा हिशोब.

कुलूप मी पहिल्यांदा नीट हातात धरलं ते नगरला, इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर. पहिल्याच दिवशी खोलीचं कुलूप दाबून लावलं आणि किल्ली आत. दार तोडायला वॉचमन आला.

"कुठला रं तू?"

मी गाव सांगितलं.

"मंग तुझी चूक न्हाई," तो म्हणाला आणि पहार आणायला गेला.

हाच किस्सा मी पुढं पुण्यातल्या एका स्पर्धेत स्टेजवर सांगितला. मागं पडद्यावर आमच्या बिनदाराच्या घराचा फोटो. शेवटी म्हणालो, "ज्यानं कधी दार पाहिलं नाही, तोच दाराकडं नव्या नजरेनं पाहू शकतो." हे वाक्य मला बसमध्ये सुचलं होतं. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता, आजही कळलेला नाही. पण लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मुंबईच्या एका फंडातल्या मनवा मॅडम तिथंच म्हणाल्या, "आय लव्ह इट. आम्ही गुंतवणार." माझ्या पिशवीत कुलूप होतं. ते बाहेर काढून दाखव, असं कुणीच म्हणालं नाही. मला हायसं वाटलं, कारण त्याचे सेल उतरलेले होते.

अशी 'राखण' ही कंपनी सुरू झाली. मोबाईलनं उघडणारं कुलूप. सावेडीत ऑफिस घेतलं, रंगीत खुर्च्या आणल्या, जमिनीवर बसायच्या गाद्या आणल्या. ऑफिसला मात्र साधं पितळी कुलूप लावायचो. आमच्या कुलपावर आमचा तेवढा भरवसा नव्हता.

कंपनीत काम करणारं माणूस एकच, सुरेखा. पाथर्डी तालुक्यातली, घरात पिढ्यान्‌पिढ्या ऊसतोडी. कोयता न धरलेली घरातली पहिली मुलगी. ॲप तिनं लिहिलं, कुलपातला आवाजही तिचाच. बाकीचे आम्ही सगळे मीटिंगा करायचो.

व्हेंचर कॅपिटल म्हणजे काय, हे आईला समजावता समजावता माझी एक दिवाळी गेली. शेवटी सुरेखाच घरी आली तेव्हा तिनं एका दमात सांगितलं.

"मावशी, उचल असती न्हवं? मुकादम आदी पैसे देतो, आन मंग हंगामभर तो म्हनंल त्या फडात जायचं. हे तेच. फकस्त हा मुकादम इंग्रजी बोलतो."

"आन फिटली न्हाई तर?"

"तर तो दुसरी टोळी बघतो."

"आरं देवा," आई माझ्याकडं बघून म्हणाली, "एवढं शिकून तू टोळीतच गेला व्हय?"

आईला मी कुलपाचं कधी सांगितलं नव्हतं. 'कंप्युटरमधी सुरक्षेचं काम' एवढंच. त्यावरून गावानं मी पोलिसात आहे असं धरलं होतं, आणि मीही ते धरू दिलं होतं. गावात पाटाच्या पाण्याचं भांडण झालं की दोन्ही बाजू माझ्याकडं यायच्या.

तर पहिल्या राउंडचे, म्हणजे मॅडमच्या फंडानं दिलेले, पैसे संपत आले. कशात संपले? गाद्यांत, खुर्च्यांत, आणि 'राखण' नावाच्या जाहिरातींत. कुलपं विकली गेली ती मुख्यतः माझ्या होस्टेलच्या मित्रांना, तीही भिडेखातर. आता दुसरा राउंड आला नाही, तर पुढच्या महिन्यात ऑफिसला कायमचं कुलूप, आणि सुरेखा परत पाथर्डीला. तिचा बाप तिच्या लग्नाचं बघून बसलाच होता.

अशात मनवा मॅडमचा फोन आला.

"अंगद, मी शनिवारी येते. दुसऱ्या राउंडचं तिथंच ठरवू. मला एक डेमो हवाय. तुझ्या गावात. तुझ्या आईच्या घराला पहिलं दार! आई बटण दाबते, दार उघडतं, आईच्या डोळ्यांत पाणी. मला ते पाणी कॅमेऱ्यात हवंय."

"मॅडम, पाणी येईल. पण ते माझ्या डोळ्यांत येईल."

"म्हणजे?"

मी त्यांना गावाची श्रद्धा समजावली. दार लावणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं, आणि तेही दुकानवाल्या रंगुबाईच्या पोरानं. मॅडम म्हणाल्या, "बरं, गावाच्या बाहेर लाव. पण देऊळ फ्रेममध्ये आलं पाहिजे."

गावाच्या शिवेबाहेर, पण देऊळ दिसेल अशी जागा एकच होती. सूर्यभानअण्णांचं रान. अण्णा पंचायत समितीचे माजी सभापती, आता जिल्हा परिषदेचं तिकीट मागत होते. त्यांच्या रानातूनच शीव जायची.

अण्णा झाडाखाली खुर्चीवर बसून पायाला मुंग्या आल्या म्हणून पाय झटकत होते. मी सगळं सांगितलं.

"म्हंजी नुस्तं दार? भिंत न्हाई?"

"भिंत नको अण्णा. दोन तासांचं काम आहे."

"लाव की. रान तुजंच हाय. पर इंजिनेर, उद्‌घाटन मी करनार."

"व्हय अण्णा."

"आन फ्लेक्सवर पाचशे रोजगार लिवायचे."

"अण्णा, आम्ही सगळे मिळून सात जण आहोत. त्यात एक चहावाला."

अण्णांनी पाय झटकायचा थांबवला. "आज सात. उद्या पाचशे. त्ये तुमचं काय असतं ते, वॅल्युएशन, त्ये कसं काडता तुमी?"

"ते म्हणजे... पुढं काय होईल त्याचा अंदाज..."

"मंग? तुमचा अंदाज म्हंजी वॅल्युएशन आन आमचा अंदाज म्हंजी थाप व्हय रं?"

फ्लेक्स लागला. 'विकासाचं दार उघडणार! पाचशे रोजगार!' अण्णांचा फोटो दाराएवढा, माझा कडीएवढा.

दार करायला बन्सी मेस्त्री. आमच्या गावातल्या निम्म्या चौकटी त्यांच्या हातच्या. चौकट करावी तर मेस्त्रींनी. कोपरा असा जुळवतील की नख शिरणार नाही. मी त्यांना विचारलं, "मेस्त्री, दार करता येतं ना?" तर म्हणाले, "चौकट म्हंजी म्हैस, दार म्हंजी रेडकू. म्हैस सांबाळतो तर रेडकू सांबाळाया काय हुतंय?" मला हे इतकं पटलं की मी पुढं काही विचारलंच नाही. मलाही दारातलं त्यांच्याइतकंच कळत होतं.

शनिवारी सकाळी दार आलं. सागाचं, पॉलिश केलेलं, देखणं. रानात दोन खांब पुरून मेस्त्रींनी चौकट उभी केली होती. एका बाजूला मोकळं रान, दुसऱ्या बाजूला मंडप, खुर्च्या, माईक. अण्णांच्या कार्यकर्त्यांनी लगेच दाराला दोन्ही बाजूंनी झेंडूच्या माळा गुंडाळल्या. माळांच्या फटीतून सुरेखानं कुलूप बसवलं आणि मध्ये लाल फीत लागली.

"सर, येकदा उघडून बघू का?" सुरेखा म्हणाली.

"अगं फीत बांधलीय. अण्णांनी कापायच्या आधी उघडलं तर अपशकुन व्हायचा."

"टेबलावर तर चालतंय कुलूप. पर दारावर..."

"टेबलावर चालतं म्हणजे दारावर चालतं. लॉजिक आहे ते."

त्या वाक्यावर माझी इंजिनिअरिंगची डिग्री काढून घ्यायला हरकत नव्हती.

मनवा मॅडम आल्या. पांढरे बूट, काळा गॉगल, खांद्याला बॅग. ती बॅग त्या दोन्ही हातांनी धरून होत्या. मी म्हणालो, "मॅडम, ठेवा की खुर्चीवर, आमच्या गावात कुणी हात लावत नाही." त्या म्हणाल्या, "आय नो, किती सुंदर ना!" आणि बॅग अजून घट्ट धरली.

ठरलं असं होतं, की पाहुण्यांनी रानाच्या बाजूनं यायचं, अण्णांनी फीत कापायची, मोबाईलचं बटण दाबायचं, दार उघडणार, आणि सगळ्यांनी दारातून मंडपात प्रवेश करायचा. मंडपात लोक बसून दाराच्या पाठीकडं बघत होते.

अण्णांनी फीत कापली. टाळ्या. अंगठ्यानं बटण दाबलं. कुलूप टुण्‌ण झालं आणि सुरेखाचा गोड आवाज आला, "दार उघडलं आहे. आपलं स्वागत आहे."

अण्णांनी हात जोडून दार ढकललं. दार हललं नाही.

अण्णांनी खांदा लावला. दार हललं नाही.

"दाबा अजून एकदा," मी पुटपुटलो.

अण्णांनी दाबलं. "दार बंद झालं आहे. धन्यवाद." पुन्हा दाबलं. "दार उघडलं आहे. आपलं स्वागत आहे." पलीकडून लोक प्रत्येक वेळी टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, भाषण सुरू झालं.

"सुरेखा!" मी दबक्या आवाजात म्हणालो.

"सर, ॲप म्हनतंय उघडलंय. कुलपाची दांडी आत गेलीय, मला दिसतीय. कुलूप उघडलंच हाय!"

"मग दार का उघडत नाही?"

"ते दाराला इचारा."

मॅडमचा कॅमेरा चालू होता. ऊन डोक्यावर आलं होतं. अण्णांचा कडक पांढरा शर्ट पाठीला चिकटला. मी ओढून बघितलं, ढकलून बघितलं, वर उचलून बघितलं. एका कार्यकर्त्यानं लाथ घालायची परवानगी मागितली. अण्णा म्हणाले, "गप ए. कॅमेरा हाय."

आणि ऐका, त्या दाराला भिंत नव्हती. डाव्या बाजूला मोकळं रान, उजव्या बाजूला मोकळं रान. चार पावलं चाललं की मंडप. पण एक इंजिनिअर, एक माजी सभापती, मुंबईच्या एक मॅडम आणि चाळीसेक कार्यकर्ते बंद दारासमोर घाम पुसत उभे होते, कारण कार्यक्रमपत्रिकेत 'दारातून प्रवेश' असं छापलं होतं.

तेवढ्यात मंडपाच्या बाजूनं, दाराला वळसा घालून, चहाची किटली घेऊन माझी आई आली. फ्लेक्स बघूनच आली असणार.

"आरं च्या निवतोय," ती म्हणाली. "हितं काय वाळवन राखत बसलाय का उन्हात?"

"आक्का," अण्णा कपाळ पुसत म्हणाले, "दार उघडंना झालंय."

आईनं दाराकडं बघितलं. मग दाराच्या डावीकडं. मग उजवीकडं.

"मंग? भिंत कुठं हाय?"

उत्तर कुलपानं दिलं, "दार उघडलं आहे. आपलं स्वागत आहे." अण्णांचा अंगठा चुकून बटणावर गेला होता.

आई किटली घेऊन आल्या वाटेनं परत निघाली. मनवा मॅडम तिच्यामागं निघाल्या. त्यांना सकाळपासून चहा मिळाला नव्हता. मॅडम पुढं आणि आपण मागं राहणं अण्णांच्या राजकारणात बसत नव्हतं, ते हात जोडूनच निघाले. अण्णा निघाले म्हणून कार्यकर्ते निघाले. मंडपातल्या लोकांनी बघितलं, की अण्णा हात जोडून दाराला वळसा घालतायत. त्यांना वाटलं, हाच कार्यक्रम. ते उठले आणि मागं लागले. बायकांनी पदर घेतले. कुणीतरी चपला काढल्या. बघता बघता सगळा जमाव त्या दाराभोवती गोल फिरत होता, आणि मध्येच कुणीतरी नारळ फोडला.

सुरेखानं झेंडूच्या माळा ओढून काढल्या. मी वाकून बघितलं आणि खाली बसलो.

दाराला दोन्ही बाजूंनी बिजागऱ्या होत्या.

"मेस्त्री!" मी ओरडलो. "हे काय केलंत?"

बन्सी मेस्त्री अभिमानानं पुढं आले. "काय झालं? दोन हिकडनं, दोन तिकडनं. येकाच बाजूनं लावल्यावर दुसरी बाजू लोंबकळल न्हाई का?"

खरं सांगायचं तर एक क्षण मलाही ते बरोबर वाटलं.

नंतर मॅडम आमच्या घरी आल्या. ओट्यावर बसून त्यांनी आईच्या हातचा दुसरा चहा घेतला. बॅग मांडीवरच.

"अंगद," त्या म्हणाल्या, "पहिला चेक मी गोष्टीला दिला होता. दुसरा दाराला द्यायचा असतो. आणि तुझं दार मी बघितलं."

"मॅडम, कुलूप चाललं ना पण!"

"हो. कुलूप उत्तम आहे. पण अख्ख्या कंपनीत दार कसं उघडतं हे एकालाही माहीत नाही. हे मी फंडात काय सांगू?"

गाडी गेली. राउंड गेला. मी ओट्यावर बसून राहिलो. आई आतून म्हणाली, "कुलपं करतोस हे ठाव होतं मला."

"कसं?"

"होस्टेलवरनं आल्यापासनं झोपंत खिसं चाचपतोस. किल्ली कुठंय, किल्ली कुठंय. म्हनलं, लागलं याचं पोट त्याच धंद्याला."

"मग बोलली का नाहीस?"

"लोकांच्या गावात लावतोस तवर देव काय म्हनत न्हाई. शिवेच्या आत आनलं असतंस, तर देवाआदी मीच बघितलं असतं तुज्याकडं."

ऑफिसला पितळी कुलूप कायमचं लागलं. मी आईच्या दुकानात तेल मोजायला बसलो. सुरेखा पुण्यात मुलाखती देत होती, जाईल तिथं लोक तिला एकच विचारायचे, "त्या दाराच्या व्हिडिओतल्या तुम्हीच का?" कारण अण्णांच्या कार्यकर्त्यांपैकी कुणीतरी तो व्हिडिओ टाकला होता आणि तो महाराष्ट्रभर फिरला होता. लोक हसून हसून लोळत होते.

अण्णा सोडून. अण्णांनी नवीन फ्लेक्स लावला. 'दार उघडो वा न उघडो, अण्णा वाट काढतो!' तिकीट मिळालं. निवडूनही आले. दार त्यांनी रानातून काढू दिलं नाही. "लकी हाय त्ये," म्हणाले.

मग देवदर्शनाला आलेले लोक परत जाताना तिथं थांबायला लागले. आधी फोटोला. मग कुणीतरी व्हिडिओत बघितलेलं म्हणून हात जोडून वळसा घातला. ज्याची बदली अडली होती त्याची झाली म्हणे. ज्याचं लग्न अडलं होतं तेही जुळलं. झालं. अडलेलं काम असेल तर न उघडणाऱ्या दाराला वळसा घालायचा, अशी ख्याती झाली. आईनं तिथं चहाची आणि नारळाची टपरी टाकली. "देवाचं ते देवापाशी," ती प्रत्येकाला बजावायची. "हे नुस्तं लाकूड हाय. आमच्या पोरानं केलंय, त्यामुळं उघडत न्हाई." लोकांना तिचा हा विनय फार आवडायचा.

एका दुपारी मनवा मॅडमचा फोन आला.

"अंगद, त्या दाराला रोज किती लोक येतात?"

"मोजत नाही मॅडम. शनिवारी गाड्या लावायला जागा नसते."

"आणि ते अजून उघडत नाही ना?"

"नाही मॅडम."

"छान. उघडू नकोस." त्यांचा आवाज पुण्यातल्या त्या दिवसासारखा झाला. "देशात तीर्थक्षेत्रं किती आहेत, विचार केलायस? प्रत्येक ठिकाणी असं एक दार. गोष्ट तयार आहे, गर्दी तयार आहे. मी दुसरा राउंड करते. प्रेझेंटेशन पाठव."

इथं स्वाभिमानी माणसानं फोन ठेवला असता. मी "कधीपर्यंत पाठवू?" असं विचारलं.

आईला सांगितलं. "आई, पैसे येतायत पुन्हा."

"कशाला?"

"दारांना."

"उघडनाऱ्या?"

"न उघडणाऱ्या."

आईनं बराच विचार केला. "म्हंजी कुलूप लागनार न्हाई. बरं झालं. देवाला बी चालंल." आणि ती नारळ सोलायला लागली.

सुरेखाला फोन केला. ती म्हणाली, "सर, पुन्यांदा उचल घेताय?"

"घेतोय."

"येते मी. पर यावेळी दार बसवायच्या आदी मी सोता उघडून बघनार."

"अगं, उघडायचंच नाहीये."

"मंग माजं काम काय?"

"तू हेड ऑफ टेक्नॉलॉजी."

ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. पण आली.

शेवटी बन्सी मेस्त्रींकडं गेलो. ते सावलीत बसून मोबाईलवर काहीतरी बघत होते.

"मेस्त्री, लई दारं करायचीत. तशीच, हुबेहूब."

"करतो की, अंगदभाऊ. आन यावेळी चूक व्हनार न्हाई, काळजी सोडा." त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. "समदं शिकून घेतलंय यूट्यूबवर. बिजागरी येकाच बाजूला लावायची असती!"

अख्खा राउंड या एका गोष्टीवर उभा होता.

"मेस्त्री, पाया पडतो तुमच्या. शिकलेलं सगळं विसरा."

मेस्त्रींनी माझ्याकडं दयेनं बघितलं.

"इसरतो की," ते म्हणाले. "त्यात काय अवघड? तुमी न्हाई का इंजिनेरिंग इसरला."